चालकाशी बोलू नये

साहेब, तुमच्या कार्यालयानं एका जिवंत माणसाचं अख्खं आयुष्य उचललं आणि दुसऱ्या जिवंत माणसाच्या नावावर चढवलं. वर त्या पहिल्यालाच खुर्चीवर बसवून विचारलं, "मग तुमचं स्वतःचं कुठं आहे?" हा आरोप आहे आणि तो तोंडावर करतोय. तुमचं नाव इथं घालत नाही, कारण तुमच्या दारावरची पाटी दर सहा महिन्यांनी बदलते, खुर्चीवरचा टॉवेल तेवढा तोच राहतो. आता पहिल्यापासून ऐका. सामान्य माणसाचं ऐकून घेणं हेच तुमचं काम, असं तुमच्या फाटकावर हातभर अक्षरात लिहिलंय.

सोलापुरात विजापूर वेशीच्या मागं गैबीसाब मुजावर राहतो. वय त्र्याहत्तर, एसटीच्या लाल गाडीचा निवृत्त ड्रायव्हर. बाळीवेशीत चनबसप्पा बिराजदार राहतो. वय एकाहत्तर, त्याच गाडीचा निवृत्त कंडक्टर. बावीस वर्षं ही जोडी एकत्र फिरली. जेऊर म्हणू नका, मोडनिंब म्हणू नका, अक्कलकोट म्हणू नका. गाड्या भंगारात गेल्या, डेपोतले अधिकारी बदलले, पण गैबीसाब पुढं आणि चनबसप्पा मागं, यात फरक पडला नाही.

कामाची वाटणी साधी होती. गैबीसाबनं गाडी चालवायची, बाकी सगळं चनबसप्पानं बोलायचं. गैबीसाबच्या डोक्यावर पत्र्यावर रंगवलेलं होतं, 'गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.' प्रवाशांनी हा नियम कधी पाळला नाही. पाळला तो एकट्या गैबीसाबनं, आणि निवृत्त झाल्यावरही सोडला नाही. त्याला कुणी काही विचारलं की तो चनबसप्पाकडं बघायचा.

"ड्रायव्हर, चहा घेणार का?"

"घेतो की. साखर कमी टाका," असं चनबसप्पा सांगायचा.

गैबीसाबच्या आयुष्यातल्या सगळ्या गोष्टीही हॉटेलात चनबसप्पाच सांगायचा. आणि गोष्ट रंगवायची तर 'त्यानं असं केलं' म्हणून भागत नाही, 'मी असं केलं' म्हणावं लागतं. तोंडानं हॉर्न वाजवत, हातात नसलेलं स्टिअरिंग फिरवत चनबसप्पा गैबीसाब होऊन जायचा. खरा गैबीसाब शेजारी बसून बशीतला चहा फुंकायचा आणि मधूनमधून "हां" म्हणायचा.

गैबीसाबची नात आयत कॉलेजात शिकते. तिनं तुमची जाहिरात वाचली. सामान्य माणसांची जीवनकथनं त्यांच्याच आवाजात कायमची जपून ठेवणार म्हणून. तिनं दादांच्या, म्हणजे आजोबांच्या, नावानं अर्ज भरला. का भरला ते कुणाला सांगितलं नाही.

तुमच्याकडून वैजयंती आली. कंत्राटावरची मुलगी, पाठीला सॅक, हातात वांग्याएवढा माईक. तिनं पंखा बंद करवला. खरखर येते म्हणून सगळ्यांचे मोबाईल बंद करून ज्वारीच्या डब्यात ठेवले. ड्रायव्हर तिथं कंडक्टर या हिशेबानं चनबसप्पा हजर होताच.

"बाबा, तुमचा जन्म कुठला?" वैजयंतीनं गैबीसाबला विचारलं.

गैबीसाबनं चनबसप्पाकडं बघितलं.

"जेऊर," चनबसप्पा म्हणाला. "टेशनच्या अलीकडं. बाप इंजिनाला पाणी भरायचा. पाच वर्साचा असताना त्यानं मला इंजिनात बसिवलं आनि तितंच ठरलं. आयुष्यात चाक सोडून दुसरं काय हातात धरायचं न्हाय."

माईक आपोआप बोलणाऱ्याकडं सरकला. दीड तास चनबसप्पा थांबला नाही. अकबरीशी लग्न झालं, पहिली गाडी मिळाली, आणि मग तो सगळ्या सोलापूरला पाठ असलेल्या गोष्टीवर आला.

"जेऊरहून निघालो. भर दुपार, चोपन्न पॅसिंजर. आनि ॲक्सिलेटरची वायर तुटली! दाबतोय, दाबतोय, गाडी म्हशीवानी उभी. मग मी काय केलं? बॉनेट उघडलं, डिझलच्या पंपाला सुतळी बांदली आनि कंडक्टरला शेजारी बसिवलं. मी 'वढ' म्हटलं की त्यानं वढायचं, 'सोड' म्हटलं की सोडायचं. असं करत सोलापूर गाठलं. हाय का असा ड्रायव्हर जिल्ह्यात?"

"आणि तो कंडक्टर?"

"त्यो व्हय? होता कोनतरी. लई बडबड करायचा."

गैबीसाब बाजूला बसून होता. दीड तासात त्याची हजेरी म्हणजे सहा वेळा "हां" आणि दोनदा खोकला.

शेवटी संमतीपत्र निघालं. "बोलणाऱ्याची सही आणि आधार कार्ड," वैजयंती म्हणाली. चनबसप्पानं लगेच पेन काढलं. त्याच्या हिशेबानं यात वावगं काही नव्हतंच. वाटेत जो कागद येईल तो कंडक्टरनं भरायचा असतो, ड्रायव्हरनं फक्त गाडी हाकायची. बावीस वर्षं तेच केलेलं. कागदावरचं चौथं कलम मात्र त्यानं वाचलं नाही. आवाज ज्याचा, कथन त्याचं.

दोन आठवड्यांनी बाळीवेशीत प्रमाणपत्र आलं. फ्रेमीत बसवलेला जाड कागद, सोनेरी किनार, चनबसप्पाचा आधार कार्डावरचा घाबरलेला फोटो. त्याच्या बायकोनं, अक्कम्मानं, चष्मा लावून मोठ्यांदा वाचायला घेतलं.

"'श्री. चनबसप्पा बिराजदार. जन्म, जेऊर.' अय्यो, तुमी जेऊरचं कदी झालासा? लग्नाच्या टायमाला तर अक्कलकोटकडचं म्हणून सांगितलं होतं की!"

"छापायची चूक आसंल."

"'व्यवसाय, चालक.' चालक? आवं, तुमाला सायकल येत न्हाय! गड्ड्याच्या जत्रंत पाळण्यात बसला तर डोळं मिटून घेतासा!"

"अगं, पुडं तर वाच."

अक्कम्मा पुढं वाचायला गेली आणि थांबली. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"'पत्नी, अकबरी.'"

अकबरी म्हणजे गैबीसाबची बायको. तिला जाऊन आठ वर्षं झाली. अक्कम्माची जिवाभावाची मैत्रीण, दोघी एकाच उखळात शेंगाचटणी कुटायच्या.

"अकबरी गेली म्हणून वाचलासा," अक्कम्मा म्हणाली. "ती असती तर तिनं तुमाला उखळात घातलं असतं आनि मुसळ मी दिलं असतं."

"आगं, सरकारी कागद हाय. सरकारला वाटलं आसंल."

"मग जावा की सरकारकडं जेवायला!"

चनबसप्पा फ्रेम काखेत मारून हसत हसत गैबीसाबकडं निघाला. ड्रायव्हरला दाखवू, दोघं पोट धरून हसू, एवढाच बेत होता. पण दारात आयतनं कागद हातात घेतला, वाचला आणि उंबऱ्यावरच बसली. गैबीसाबच्या गळ्याला त्या उकाड्यात मफलर होता.

"मास्तर आजोबा," ती म्हणाली. कंडक्टरला सगळं जग मास्तर म्हणतं, तशी तीही म्हणायची. "दादांच्या घशात गाठ आहे. गुरुवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, गाठ निघेल, माणूस वाचेल, पण आवाज राहणार नाही."

चनबसप्पानं गैबीसाबकडं बघितलं. गैबीसाबनं नजर खाली घातली.

"म्हणून मी त्या लोकांना बोलावलं होतं. मोबाईल समोर धरला तर दादा नुसते हसतात. म्हटलं, सरकारी माणूस आला तर बोलतील, हुकूम म्हणून तरी. गोष्टी तुम्ही सांगताच हो. मला त्यांचा आवाज पाहिजे होता. दीड तासात सहा वेळा 'हां' आलंय."

चनबसप्पा तसाच आत शिरला, गैबीसाबचा हात धरला आणि तुमच्या कार्यालयाचा जिना चढला. साहेब, तुम्ही होतात. तो शुक्रवार होता. तुम्ही संगणकात बघितलंत.

"या कथनाचे मालक चनबसप्पा बिराजदार आहेत. तेच कथन दुसऱ्याच्या नावावर घेता येत नाही."

"मीच त्यो चनबसप्पा. कथन माजं न्हाय म्हणून सांगायला आलोय."

"म्हणजे खोटं कथन दिलंत?"

"खोटं कसं आसंल? पयल्यापासनं खरं हाय. फक्त माजं न्हाय."

"खरं असेल तर ठेवू. खोटं असेल तर काढू. खरं आहे पण तुमचं नाही, असा रकाना नाही."

"बरं, काडून टाका मग."

"प्रतिज्ञापत्र लागेल. तुम्ही हे आयुष्य जगला नाहीत, याचे दोन साक्षीदार. मग समिती बसेल. नव्वद दिवस धरा."

"साक्षीदार ह्यो काय, समोरच हाय," चनबसप्पानं गैबीसाबला पुढं केलं. "मी हे आयुष्य जगलो न्हाय ते ह्याच्याइतकं कुनाला म्हाईत? ह्योच जगलाय की!"

"ते हितसंबंधी आहेत."

"साहेब, गुरुवारी ह्याचं ऑपरेशन हाय. नंतर आवाज न्हाय ऱ्हायचा."

"मग ऑपरेशन पुढं ढकला," असं तुम्ही म्हणालात. आणि मग गैबीसाबकडं वळून तो प्रश्न विचारलात, "हे यांचं झालं. मग तुमचं स्वतःचं कुठं आहे?"

गैबीसाबनं चनबसप्पाकडं बघितलं.

दोघं जिना उतरू लागले. आपण जेऊरचे नाही हे चनबसप्पाला पक्कं ठाऊक होतं, पण सिद्ध करता येत नव्हतं. जन्म अक्कलकोटकडचा, पण तिकडं विचारावं तर ओळखीचं कुणी उरलेलं नाही. प्रमाणपत्रावर मात्र शिक्का होता. पायरीवर थांबून त्यानं विचारलं, "ड्रायव्हर, मी खरंच कवा गाडी चालिवली न्हाय नव्हं?"

गैबीसाबनं मान हलवली. नाही.

"एकदा तरी? डेपोत, मागं घेताना?"

पुन्हा नाही.

तेवढ्यात वैजयंती धापा टाकत खाली आली. जिन्यात वर खाली बघून हळूच म्हणाली, "काका, मशीन एवढंच बघतं की कथन आधी आलेलं नाही ना. बाबांनी दुसरं कुठलंही आयुष्य सांगितलं तर चालेल. मंगळवारी मी येते. पण स्वतःचं नको."

"दुसरं कुटलं आनायचं, पोरी? लोकांना एकच आसतंय!"

तेव्हा गैबीसाब बोलला. आवाज घोगरा, फाटका, पण बोलला.

"तेरा है ना, मास्तर."

मंगळवारी सकाळी पुन्हा पंखा बंद, मोबाईल ज्वारीत. गैबीसाब खुर्चीवर बसला. वैजयंतीनं माईक लावला. एक मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. गैबीसाब मान वळवून चनबसप्पाकडं बघायचा आणि चनबसप्पा स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरायचा. त्याच्या गालांचा फुगा झाला होता. आयत रडकुंडीला आली.

मग चनबसप्पाच्या डोक्यात उजेड पडला. तो उठला आणि गैबीसाबच्या पाठीमागं, चार पावलांवर जाऊन उभा राहिला. खुणेनं आयतला खिळ्यावरचा दाढीचा आरसा काढायला लावला. आयतनं तो दादांच्या समोर, गाडीतल्या आरशासारखा थोडा वर धरला. गैबीसाबनं आरशात बघितलं. मागं मास्तर जागेवर होते. चनबसप्पानं कपाटाच्या पत्र्यावर बोटं वाजवली. टण, टण. डबल बेल. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

आणि गाडी सुटली.

"मी चनबसप्पा बिराजदार," गैबीसाब म्हणाला. "मी कंडक्टर हाय. मला सायकल येत न्हाय."

मागं चनबसप्पानं पुन्हा तोंडावर हात दाबला.

"मी लई बोलतो. पॅसिंजर उतरलं, गाडी रिकामी झाली, तरीबी बोलतो. रिकाम्या शीटांना सांगतो, मागं सरका. घाटात उतार आला की मी मागं उभा राहून ब्रेक दाबतो. पायाखाली नुसता पत्रा आसतो, तरी दाबतो. बावीस वर्सं दाबला. त्या जागी पत्रा झिजलाय. ड्रायव्हरला वाटायचं, आपून दोघं मिळून गाडी थांबिवतोय."

आयतला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

"मोडनिंबला एक पोरगी शाळंतनं यायची. पळत यायची. ती दिसंपतूर मी डबल बेल द्यायचो न्हाय. कुनी वरडलं तर म्हनायचो, मोड मिळंना, सुट्टे द्या. खिशात मोड खळखळायची. ड्रायव्हर ऐकायचा, बोलायचा न्हाय."

दोन तास तो बोलला. खोकला, पाणी प्याला, पुन्हा बोलला. चनबसप्पाला स्वतःबद्दल माहीत नसलेल्या गोष्टी त्यात होत्या. कुठल्या गावाजवळ तो टोपी सरळ करतो. कुठल्या सासुरवाशिणीच्या पिशव्या तो न बोलता उतरवून देतो. आरशात सगळं दिसलं होतं. शेवटी वायर तुटली त्या दुपारची गोष्ट आली.

"ड्रायव्हरनं सुतळी बांदली. ती माज्या हातात होती. 'वढ' म्हटलं की वढायचो. माढा येईपतूर तळहात कापला. रगत आलं. मी रुमाल गुंडाळला आनि दुसऱ्या हातानं वढाय लागलो. त्यो बी कापला. सोलापूर आलं तवा पॅसिंजरांनी ड्रायव्हरला हार घातला. मी दोनी हात खिशात घातलं. नंतर ही गोष्ट मी हजारदा सांगितली. हाताचं एकदाबी सांगितलं न्हाय. ड्रायव्हरनं बघितलं होतं."

चनबसप्पानं तळहात उलटे करून बघितले, जणू कुणी दुसऱ्याचे आणून लावलेत. मग कपाटावर एकदाच बोट वाजवलं. टण. थांबा.

गैबीसाब थांबला.

गुरुवारी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, माणूस वाचला, आवाज गेला. महिन्यानं विजापूर वेशीत दुसरं प्रमाणपत्र आलं, तसंच सोनेरी किनारीचं. श्री. गैबीसाब मुजावर, व्यवसाय वाहक, पत्नी अक्कम्मा.

अक्कम्मा ते बघायला मुद्दाम गेली. पत्नीच्या रकान्यावर बोट फिरवत म्हणाली, "गैबीभाऊ, झालं ते झालं. पन ह्यांच्यापरीस तुमी बरं. निदान गप बसतासा."

गैबीसाब खांदे हलवून हसला. आवाज नव्हता, हसणं होतं.

आता आयतला त्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत पाहिजे होती. एवढंच. मूळ तुमच्याकडं राहू द्या, कायमचं जपा, फक्त प्रत द्या. तिनं अर्ज केला. साहेब, तुमचं उत्तर माझ्यासमोर आहे, शिक्क्यासकट: 'मूळ वक्त्याने समक्ष उपस्थित राहून, नोंदीतील आवाजाशी पडताळणीसाठी, तीन वाक्ये बोलावीत.'

तिघं आले. गैबीसाबच्या गळ्याला पांढरी पट्टी. तुम्ही समोर बसलात.

"हं, बोला. कुठलीही तीन वाक्यं."

"साहेब, त्याला बोलता येत न्हाय," चनबसप्पा पुढं झाला. "आवाज गेलाय म्हणून तर—"

"तुम्ही कोण?"

"चनबसप्पा बिराजदार."

तुम्ही संगणकात बघितलंत. "बिराजदार. चालक. हे वाहकाचं प्रकरण आहे. चालकानं मध्ये बोलू नये."

बावीस वर्षं जी पाटी ड्रायव्हरच्या डोक्यावर होती, ती सरकारनं रीतसर काढून कंडक्टरच्या डोक्यावर ठोकली होती. आणि त्यानं ती पाळली. का पाळली ते त्यालाही कळलं नाही. तो चार पावलं मागं सरकला आणि उभा राहिला.

"दादांना डॉक्टरांचा दाखला आहे," आयत म्हणाली.

"दाखला बोलत नाही. यांनी बोलावं."

गैबीसाबनं या वेळी नेहमीसारखी चनबसप्पाकडं मान वळवली नाही. तुमच्या मागच्या कपाटाच्या काचेत बघितलं. काचेत मास्तर दिसत होते, मागं, आपल्या जागेवर. त्यांच्या हातांचे तळवे उघडे होते. मग गैबीसाबनं उजवा हात उचलला आणि तुमच्या टेबलाच्या काचेवर बोटाचं हाड वाजवलं.

टण. टण.

साहेब, तुमच्या नोंदीप्रमाणं गैबीसाब मुजावर हे वाहक आहेत. नोंद तुमची, शिक्का तुमचा. वाहकानं डबल बेल दिली की गाडी हलवावी लागते, मग पुढच्या सीटवर कितीही मोठा माणूस बसलेला असो. त्या बेलला आज अकरा दिवस झाले. आयत रोज कॉलेज सुटल्यावर फाटकाशी येते, गैबीसाब बाकावर बसतो, चनबसप्पा मागं उभा राहून ब्रेकचा पाय उचलून धरतो.

गाडी का हलत नाही? उत्तर द्या.